परदेशात कार्डाचा पिन अडतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिनबद्दल लोक दोनच वेळी विचारतात: निघायच्या आदल्या दिवशी, नाहीतर परदेशातल्या काउंटरवर मागे रांग खोळंबलेली असताना. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न बरेच जास्त येतात. इथे ते साधारणपणे सोप्याकडून किचकटाकडे लावले आहेत. तुम्ही आत्ता मशीनसमोरच उभे असाल, तर थेट प्रश्न ४ वाचा आणि तोवर एकही बटण दाबू नका.

१. रोज वापरतो तोच पिन परदेशात चालतो, की वेगळा काढावा लागतो?

तोच चालतो. परदेशासाठी वेगळा पिन नसतो. घोळ होतो तो कार्डं एकापेक्षा जास्त असली की. फॉरेक्स कार्डाचा (आधी परकीय चलन भरून ठेवायच्या कार्डाचा) पिन स्वतंत्र असतो, आणि त्याच्यासोबत जादा कार्ड मिळालं असेल तर त्याचा आणखी वेगळा. ॲड-ऑन कार्डाचंही तेच. खातं एकच असलं तरी नवऱ्याच्या कार्डाचा पिन बायकोच्या कार्डाला लागेलच असं नाही.

क्रेडिट कार्ड कायम टॅप करूनच, म्हणजे मशीनला नुसतं टेकवून, वापरणाऱ्यांनी त्याचा पिन बऱ्याचदा काढलेलाच नसतो, आणि हे परदेशात पोचल्यावर कळतं. म्हणून निघण्यापूर्वी नेणार असाल त्या प्रत्येक कार्डाने एक खरेदी कार्ड मशीनमध्ये घालून, पिन टाकून करा. अनेक नव्या कार्डांचं टॅप तर असा एक पिनचा व्यवहार झाल्याशिवाय सुरूच होत नाही.

२. पिन शंभर टक्के बरोबर आहे, तरी व्यवहार नाकारला जातो. का?

कारण बहुतेक वेळा अडचण पिनची नसतेच. कार्डाचा परदेशी वापर बंद असतो. भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू होऊन येतं. परदेशी वापर, ऑनलाइन खरेदी आणि टॅप हे ज्याचं त्याने ॲपमधून किंवा नेटबँकिंगमधून चालू करायचं. त्यातही एटीएम आणि दुकान यांचे खटके बऱ्याच ॲपमध्ये वेगवेगळे असतात, आणि प्रत्येकाची मर्यादाही वेगळी. खटका चालू पण मर्यादा शून्य, असं असेल तरी नकारच येणार.

नकाराची पावती फेकू नका. तिच्यावर दोन अंकी कोड छापलेला असू शकतो. ५५ म्हणजे पिन चुकला, ७५ म्हणजे पिनचे प्रयत्न संपले. हे दोन सोडले तर पिनला दोष देण्यात अर्थ नाही. ५१ म्हणजे शिल्लक अपुरी, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली, ५७ म्हणजे या कार्डाला हा व्यवहार करायची परवानगी नाही (परदेशी वापर बंद असण्याचा संशय इथे घ्यावा), ६१ म्हणजे रक्कम मर्यादेबाहेर, ९१ म्हणजे तुमच्या बँकेशी संपर्कच झाला नाही. ०५ सगळ्यात त्रासदायक: बँकेने नाही म्हटलंय, कारण सांगितलेलं नाही. तिथे फोन करण्यावाचून इलाज नाही.

३. पिन मला आकड्यांनी नाही, बोटांच्या सवयीने आठवतो. कीपॅड वेगळं असलं तर?

ही भीती रास्त आहे. एटीएम आणि कार्ड मशीनवर बहुतेक सगळीकडे १-२-३ वरच्या ओळीत असतात. मात्र हल्ली काही मशीनना बटणंच नसतात, सगळं काचेवर. त्यातल्या काहींत अंकांच्या जागा दर वेळी बदलतात, म्हणजे बघणाऱ्याला बोटांवरून पिन ओळखता येऊ नये. तिथे बोटांची सवय घात करते. पिन अक्षरांवरून, एखाद्या शब्दाने लक्षात ठेवणाऱ्यांचीही पंचाईत होते, कारण अनेक देशांतल्या कीपॅडवर अक्षरं नसतात. जाण्याआधी पिन आकड्यांत म्हणून पाहा.

भाषा कळत नसेल तर रंग बघा. हिरवं म्हणजे पुढे चला, पिवळं म्हणजे टाकलेलं पुसा, लाल म्हणजे व्यवहार रद्द. ५ च्या बटणावर उंचवटा असतो, मशीन अंधारात किंवा आडोशाला असेल तर त्याचा उपयोग होतो.

४. दोनदा पिन चुकला. तिसऱ्यांदा टाकून बघू का?

नका. लाल बटण दाबा, कार्ड काढा, दुसऱ्या कार्डाने किंवा रोखीने पैसे द्या आणि बाजूला व्हा. बहुतेक कार्डांना सलग तीन चुका चालतात. तिसरी झाली की पिन बंद. एटीएम असेल तर कार्ड आतच राहण्याचीही शक्यता असते.

दोन चुकांनंतर थांबलात तर हातात पर्याय उरतात. शांतपणे आठवा, ॲपमध्ये बघा, बँकेला विचारा. मधे एकदा पिन बरोबर पडला, तर जिथे तो तपासला गेला तिथली मोजणी पुन्हा शून्यावर येते. "जिथे तपासला गेला" असं का म्हटलं, ते पुढच्या उत्तरात.

५. पिन नक्की तपासतं कोण? मशीन, बँक की कार्ड?

बँक तरी तपासते, नाहीतर कार्ड. मशीन नुसतं निरोप पोचवतं. बहुतेक गोंधळांचं मूळ इथे आहे, म्हणून हे थोडं सविस्तर.

एक पद्धत अशी: मशीन तुम्ही टाकलेला पिन सांकेतिक रूपात तुमच्या बँकेपर्यंत पाठवतं आणि बँक तो पडताळते. याला ऑनलाइन पिन म्हणतात. एटीएममध्ये हीच पद्धत असते. दुसरी अशी: पिन कार्डावरच्या चिपमध्येही साठवलेला असतो, आणि मशीन तो चिपलाच विचारतं. हा ऑफलाइन पिन. ब्रिटन आणि फ्रान्समधल्या दुकानांत ही पद्धत रुळलेली आहे. ब्रिटनमध्ये १४ फेब्रुवारी २००६ पासून दुकानात सहीच्या जागी पिन आला, तो चिपकडून तपासून घेण्याच्या बेतानेच.

कोणत्या कार्डाने कोणती पद्धत आधी वापरायची याची यादी चिपमध्येच लिहिलेली असते. मशीन ती वाचतं आणि आपल्याला जमणारी पहिली पद्धत निवडतं. कार्ड फक्त ऑनलाइन पिनचं आणि मशीन फक्त ऑफलाइनचं, अशी जोडी जमली तर मशीन पिन न मागता सहीची पावती छापतं किंवा सरळ नकार देतं. दुकानदार गोंधळून तुमच्याकडे बघतो, पण कार्डात बिघाड नसतो.

चुकांची मोजणीही दोन ठिकाणी वेगवेगळी चालते. दुकानात चिपने मोजलेल्या दोन चुका आणि एटीएमवर बँकेने मोजलेली एक, यांची बेरीज होत नाही. पण कुठलं मशीन कुणाला विचारतंय हे बाहेरून ओळखता येत नाही, तेव्हा या हिशेबावर जुगार खेळू नका.

६. निघताना ॲपवरून पिन बदलला. आता एटीएममध्ये नवा पिन चालतो आणि दुकानात तोच चुकीचा ठरतो. कार्ड खराब झालं का?

नाही. बँकेकडे नवा पिन पोचला, चिपमध्ये जुनाच राहिला. ॲप बँकेच्या नोंदीत बदल करतं, पाकिटातल्या चिपला ते हात लावू शकत नाही. चिपमधला पिन बदलण्यासाठी कार्ड अशा मशीनमध्ये जावं लागतं जे बँकेशी जोडलेलं आहे. व्यवहार होताना बँक उत्तरासोबत चिपसाठी एक आदेश पाठवते, आणि चिप तो अमलात आणते. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर हे खात्रीने होतं. परदेशी एटीएमवर होईलच असं नाही. टॅप केल्याने बहुधा काहीच होत नाही, कारण कार्ड मशीनजवळ क्षणभरच असतं.

म्हणून अशा दुकानात नवा पिन चुकला तर एकदाच, फक्त एकदाच, जुना टाकून बघा. तो चालला तर समजायचं काय झालंय ते. पिन बदलायचाच असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी बदला आणि लगेच आपल्या बँकेच्या एटीएमवर कार्ड घालून शिल्लक तपासा. विमानतळावर रांगेत उभं राहून पिन बदलायची हौस मात्र टाळा.

ज्यांच्या कार्डात ऑफलाइन पिन नाहीच त्यांना हा त्रास होत नाही. आपलं कार्ड कोणत्या प्रकारचं, हे बँकेच्या फोनवर विचारता येतं. पहिला माणूस गडबडला तर दुसऱ्याला विचारा.

७. पिन बंद झाला आणि मी परदेशात आहे. आता?

आधी तो कुठे बंद झाला ते शोधा. फक्त चिपने कुलूप लावलं असेल तर एटीएम कधी कधी अजूनही पैसे देतं, कारण तिथे बँक तपासते. काही बँका त्याच व्यवहारात चिपला कुलूप उघडायचा आदेशही पाठवतात. काही मात्र चिप बंद असल्याचं दिसताच नकार देतात. बँकेकडची मोजणी संपली असेल तर काही बँका ठरावीक वेळाने ती आपोआप मोकळी करतात, काहींना फोन करावा लागतो, काही ॲपमधून नवा पिन काढू देतात (आणि मग प्रश्न ६ लागू होतो).

फोन करायचा म्हटलं की आणखी एक गोष्ट आडवी येते. कार्डामागे छापलेला टोल-फ्री नंबर परदेशातून बहुधा लागत नाही. परदेशातून लागणारा, अधिक चिन्हाने आणि देशाच्या कोडने सुरू होणारा नंबर आधीच लिहून ठेवा, आणि फक्त फोनमध्ये नको, कागदावरही. कार्ड हरवलं किंवा पूर्ण निकामी झालं तर व्हिसा आणि मास्टरकार्डच्या मदत केंद्रांतून बँकेच्या संमतीने आपत्कालीन रोख मिळू शकते. वेळ लागतो, पण सोय आहे.

८. माझा पिन सहा अंकी आहे, मशीन चारच घेतं. किंवा उलट. काय करू?

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९५६४ नुसार पिन ४ ते १२ अंकांचा असू शकतो. प्रत्यक्षात जगाचा बराच भाग चार अंकांवर चालतो, आणि काही एटीएम त्यापलीकडे घेतच नाहीत. सहा अंकी पिन असेल आणि बँक परवानगी देत असेल तर जाण्याआधी चार अंकी करून घ्या. "पहिले चार टाका, चालतं" हा सल्ला सर्रास दिला जातो. तो विसरा. बँक पूर्ण पिन ताडून बघते, आणि तुमचा एक प्रयत्न फुकट जातो.

उलट बाजू चीनमध्ये दिसते. तिथली कार्डं सहा अंकी पिनची, त्यामुळे पडद्यावर सहा चौकटी दिसू शकतात. तुमचे चार टाकून हिरवं बटण दाबा. पिनची सुरुवात शून्याने होत असेल तर तांत्रिकदृष्ट्या काही चूक नाही, तरी क्वचित एखादं मशीन कुरकुर करतं. बदलणं सहज शक्य असेल तर बदला.

९. काल टॅप चाललं, आज त्याच दुकानात पिन मागतंय. कार्डावर संशय घेतलाय का?

नाही, नियम तसा आहे. युरोपीय संघात टॅपने एका वेळी ५० युरोपर्यंतच पिनशिवाय देता येतात. त्याशिवाय बँकेने निवडल्याप्रमाणे एकूण १५० युरो किंवा सलग पाच व्यवहार झाले की पुन्हा ओळख पटवावी लागते. ही मर्यादा आली की मशीन कार्ड आत घालायला सांगतं. नकाराचा आवाज आला म्हणून लोक घाबरून पुन्हा पुन्हा टॅप करतात, त्याचा उपयोग नाही. कार्ड घाला, पिन टाका, मोजणी नव्याने सुरू होते. बाकी देशांत आकडे वेगळे, तत्त्व हेच.

१०. फोनने पैसे देताना पिन कोणता? कार्डाचा की फोनचा?

फोनवर बोटाचा ठसा, चेहरा किंवा फोनचा पासकोड दिलात, तीच ओळख धरली जाते, म्हणून मशीनने पिन मागायची गरज नसते. तरीही काही जुनी मशीन मोठ्या रकमेला मागतात. तेव्हा कार्डाचा पिन टाकायचा. फोनचा पासकोड दुकानाच्या मशीनवर कधीही टाकू नका. चालणार तर नाहीच, वर तो चार जणांना दिसेल.

११. अमेरिकेत पिन मागितलाच नाही, सहीसुद्धा नाही. व्यवहार सुरक्षित होता ना?

होता. तिथली क्रेडिट कार्डं मुळात पिनवर चालत नाहीत. चिप तिथे २०१५ नंतर पसरली, आणि एप्रिल २०१८ पासून मोठ्या कार्ड कंपन्यांनी सहीची सक्तीही काढून टाकली. बनावट कार्ड रोखायचं काम चिप करते. चोरलेलं कार्ड रोखायचं काम मात्र पिन करतो, म्हणून अशा देशात कार्ड हरवलं तर तासाभराचाही उशीर न करता ॲपमधून बंद करा. ऑस्ट्रेलियाने नेमकी उलट वाट धरली. १ ऑगस्ट २०१४ पासून तिथल्या कार्डांसाठी सही बाद, पिनच.

१२. पेट्रोल पंपावर आणि तिकिटाच्या मशीनवर पिन चालला नाही. माणूसही नव्हता विचारायला.

माणूस नसलेली मशीन सगळ्यात हट्टी. सही घ्यायला कुणी नसतं, म्हणजे पिन जमला नाही की संपलं. अमेरिकेतून युरोपात येणारे लोक रेल्वेच्या तिकीट मशीनसमोर वर्षानुवर्षं असेच अडकले. तोडगा: तिकीट खिडकी, नाहीतर ॲपवर आधीच काढलेलं तिकीट. वाहतूक आणि पार्किंगच्या काही मशीनना मात्र युरोपीय नियमांतच पिनची सूट आहे, तिथे टॅप पुरतं.

अमेरिकेतल्या पंपावर पाच अंक मागतात तो पिन नव्हे, झिप कोड असतो, म्हणजे कार्डाच्या बिलाच्या पत्त्याचा टपाल क्रमांक. तिथे आपला पिन टाकू नका. आत जाऊन कॅशियरला पंपाचा नंबर सांगा आणि तिथेच पैसे भरा.

१३. मशीन विचारतं: चेकिंग, सेव्हिंग्ज की क्रेडिट. कार्ड तर डेबिट आहे. काय दाबू?

हा प्रश्न स्थानिक बँकांच्या खातेदारांसाठी असतो. परदेशी कार्डाला ऑस्ट्रेलियातल्या दुकानात क्रेडिट दाबलेलं चालतं, कार्ड डेबिट असलं तरी. त्याने उधारी होत नाही, व्यवहार फक्त व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून जातो. एटीएमवर आधी चेकिंग (रोजच्या व्यवहाराचं खातं), नाही जमलं तर सेव्हिंग्ज (बचत खातं). चुकीचं खातं निवडल्याने आलेला नकार हा पिनची चूक म्हणून मोजला जात नाही, तेव्हा इथे दोनदा प्रयत्न करायला हरकत नाही.

१४. जेवणाच्या बिलावर भलतीच मोठी टिप लागली. मी तर फक्त पिन टाकला!

हे होतं, आणि ज्यांच्याबाबतीत होतं ते शरमेने सांगत नाहीत. वेटर मशीन टेबलावर आणतो. पहिल्या पडद्यावर टिपची रक्कम विचारलेली असते, परक्या भाषेत. घाईत माणूस सवयीने चार अंक टाकून हिरवं दाबतो. मग पुन्हा पिन मागितला जातो, तो वाटतो की पहिल्यांदा नीट लागला नसेल. तो टाकला की चार अंकी टिप मंजूर.

ओळखायची खूण पक्की आहे. पिन टाकताना पडद्यावर तारे किंवा ठिपके दिसतात. आकडे दिसले तर तो पिनचा पडदा नाही. लाल बटण दाबा. रक्कम गेलीच असेल तर उठण्याआधी तिथेच व्यवहार रद्द करून घ्या. घरी येऊन बँकेशी भांडताना अडचण ही येते की पिन तुम्हीच टाकलेला असतो.

१५. पिन टाकण्याआधी मशीन आपल्या चलनात रक्कम दाखवून "मान्य?" विचारतं. हो म्हणू?

नाही. स्थानिक चलन निवडा. आपलं चलन निवडलं की दर दुकानाच्या बाजूचा लागतो, आणि तो बहुधा महागच असतो. युरोपीय संघात एप्रिल २०२० पासून हा जादा आकार टक्क्यांत दाखवणं बंधनकारक आहे, तो आकडा वाचला की उत्तर आपोआप मिळतं. पिन टाकल्यावर मागे फिरता येत नाही, म्हणून हा पडदा आधी वाचा.

१६. क्रेडिट कार्डाचा पिन आहेच, मग एटीएममधून रोख काढू का?

नाइलाज असेल तरच. शुल्क वेगळं, आणि व्याज त्याच दिवसापासून. खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत इथे नसते.

१७. पिन विसरेन म्हणून फोनमध्ये एखाद्याचा नंबर असल्यासारखा साठवला तर?

ही युक्ती चोरांनाही ठाऊक आहे. आणि पिन कार्डासोबत सापडेल असा ठेवला होता हे उघड झालं तर नुकसानभरपाई मागताना बँक त्यावरच बोट ठेवते. पासवर्ड सांभाळणारं कुलूपबंद ॲप बरं. दुकानदाराने पिन तोंडी विचारला, किंवा "बँकेतून बोलतोय" म्हणून फोन आला, तर उत्तर एकच: नाही. ऑनलाइन खरेदीतही कार्डाचा पिन लागत नाही. तिथे ओटीपी लागतो, म्हणून घरचं सिम रोमिंगवर चालू ठेवा.

१८. धाक दाखवून कुणी एटीएमवर नेलं आणि पिन उलटा टाकला तर पोलिसांना कळतं, हे खरं का?

खोटं आहे. कल्पना जुनी आहे, पण बँकांनी ती राबवलेली नाही. १२२१ हा पिन उलटा कसा टाकणार, एवढा विचार केला तरी पुरे. तुमच्या खात्यावर फक्त एक चुकीचा प्रयत्न चढेल. अशा वेळी पैसे देऊन टाका.

१९. एटीएमने कार्ड गिळलं. त्या बँकेतून परत मिळेल?

परक्या बँकेचं कार्ड परत देण्याऐवजी नष्ट करण्याचा प्रघात बऱ्याच ठिकाणी आहे. शाखेला लागून असलेलं एटीएम, शाखा उघडी असताना वापरलं असेल तर लगेच आत जाऊन विचारा. नाहीतर कार्ड ॲपमधून बंद करा. मशीनच्या तोंडाशी काही सैल किंवा चिकटवलेलं दिसलं, किंवा मदत करायला कुणी अनोळखी लगबगीने आला आणि "पिन पुन्हा टाका" म्हणाला, तर जागेवरून न हलता कार्ड बंद करा. कार्ड अडकवून पिन बघून घ्यायची ही ठरलेली चाल आहे.

२०. विमानात खरेदी करताना डेबिट कार्ड चाललं नाही, क्रेडिट चाललं. दोन्हींचे पिन बरोबर होते.

हवेत अनेकदा मशीनचा बँकेशी संपर्क नसतो. व्यवहार साठवून ठेवला जातो आणि उतरल्यावर पाठवला जातो. ज्या कार्डाला प्रत्येक वेळी बँकेची परवानगी लागते, ते तिथे चालूच शकत नाही. बरीच डेबिट आणि प्रीपेड कार्डं या गटात येतात, फॉरेक्स कार्डही. पिन मागितला तर तो चिपच तपासते, त्यामुळे प्रश्न ६ मधली जुन्या-नव्या पिनची भानगड विमानातही होऊ शकते. पैसे खात्यातून दोन-चार दिवसांनी वजा झालेले दिसले तर तो व्यवहार दुसऱ्यांदा झाला असं समजून तक्रार करू नका, पावतीवरची तारीख आधी जुळवून बघा.